खळ्यावरची रास आणि चावडीचा वसूल

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेला नगर जिल्ह्यातील कर्जत तालुका पूर्वीपासून रब्बीचा मुलूख म्हणून ओळखला जातो. मृगाचा पाऊस येथे आला तर आला. शेतकऱ्याची खरी भिस्त हस्त-चित्रांच्या पावसावर, आणि तो वेळेवर पडला तर काळ्या रानात जी शाळू जवारी उभी राहते तिच्यावर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या भागात दुष्काळ पाहुण्यासारखा येत नाही, कुळासारखा नांदतो. सिद्धटेकचा गणपती, राशीनची यमाई आणि कर्जतचे गोदड महाराज यांच्या यात्राजत्रांनी हा तालुका बाहेरच्या जगास परिचित असला, तरी त्याचा अंतर्गत इतिहास जाणून घ्यावयाचा तर देवळांच्या शिलालेखांपेक्षा जमाबंदीचे, तहकुबीचे आणि बाकीचे कागद चाळणे अधिक फलदायी ठरते. कारण ज्या प्रश्नाने आज मोठमोठ्या शहरांच्या महापालिका आर्थिक मंदीच्या काळात हैराण होतात, म्हणजे उत्पन्न आटले असता कर किती घ्यावा आणि नोकरांना वेतन कशातून द्यावे, तो प्रश्न या कोरडवाहू मुलखाने दर तीनचार वर्षांनी सोडविला आहे, किंवा सोडविल्यासारखे केले आहे.

या प्रश्नाचे जुने उत्तर खळ्यावर मिळत असे. शाळूची काढणी झाली, कणसे खुडून खळ्यावर आली, मेढीभोवती बैल फिरवून मळणी आणि मग वाऱ्याची दिशा पाहून उफणणी झाली, की स्वच्छ धान्याची रास पडे; आणि ती घरच्या कणगीत जाण्यापूर्वी गावचे बलुतेदार आपापली पाटी घेऊन तेथे हजर होत. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी यांपैकी ज्याची ओळ थोरली त्याचा वाटा मोठा, ज्याची धाकटी त्याचा लहान. कोणास पेंढ्यांच्या रूपाने उभ्या पिकातून, कोणास राशीतून सूप-दोन सूप, आणि सर्वांत शेवटी खळ्याच्या तळाशी मातीत मिसळलेले जे मातेरे राही ते झाडून नेण्याचा हक्क महाराचा. ज्या माणसाने वर्षभर वेस राखली, हद्दीच्या तंट्यात साक्ष दिली, वसुलाच्या वेळी घरोघर जाऊन कुळांना चावडीवर बोलाविले आणि जमलेला ऐवज डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचता केला, त्याच्या वाट्याला माती पाखडून काढलेले दाणे यावेत, ही व्यवस्था ज्यांना रमणीय वाटली त्यांनी ती दुरून पाहिली असली पाहिजे.

तथापि तिच्यात एक गुण होता, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. वेतन पिकाच्या प्रमाणात असल्यामुळे वाईट वर्षी ते आपोआप घटत असे. गावावर नोकरांच्या पगाराची थकबाकी म्हणून काही साचत नसे. शेतकऱ्याची रास लहान तर सुताराचा वाटाही लहान, आणि दोघेही सारखेच उपाशी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या या पद्धतीची जी चिरफाड केली आहे ती वाचली म्हणजे ध्यानात येते की, काम कमी आणि हक्क अधिक अशी तक्रार एका बाजूने, आणि राबवून घेऊन वाटा चुकवितात अशी तक्रार दुसऱ्या बाजूने, या दोन्ही तक्रारी त्या काळी एकाच खळ्यावर ऐकू येत असत. मोजमाप नव्हते, मर्जी होती. आणि जेथे मर्जी असते तेथे तुटीचा भार सर्वांत दुबळ्या माणसाकडे सरकतो.

गावाबाहेरचा जो कारभार, त्याची रीत निराळी. निजामशाहीच्या उत्तरकाळी मलिक अंबराने या मुलखात जमिनीची प्रत आणि लागवड पाहून धारा, म्हणजे जमिनीचा सारा, ठरविण्याची पद्धत घातली, आणि आरंभी धान्यात घ्यावयाचा हिस्सा पुढे रोकडीत वळविला. तो १६२६ साली वारला. चारच वर्षांनी, १६३० साली, दख्खनवर जो भयंकर दुष्काळ कोसळला त्यात धारा आणि धारेकरी दोन्ही वाहून गेले. मराठ्यांच्या अमदानीत मामलतदार-कमाविसदारांना हुजुरातून वर्षाचा बेहेडा येई. त्यात मुलखाचा आकार किती, त्यातून शिबंदीला, कारकुनांना, देवस्थानांना किती आणि सरकारात भरणा किती हे आधीच आखून दिलेले असे. पिकाची पाहणी करून सूट द्यावी, ओसाड गावास कौल देऊन इस्ताव्याने, म्हणजे वर्षावर्षाला थोडा थोडा वाढत जाणारा, धारा लावावा, बैलबियाण्यास तगाई द्यावी, या सवलतींचे हुकूम पेशवे दफ्तरात जागोजाग आढळतात. मात्र सवलत रयतेस दिली की तिची तूट कोठून तरी भरून काढावी लागे, आणि ती नोकरांच्या बाजूने निघे: वर्षाचा मुशाहिरा पुष्कळदा बारांऐवजी दहा-अकरा महिन्यांचाच धरावयाचा, हा त्या काळच्या हिशेबांतील सर्वमान्य रिवाज होता. आजच्या एखाद्या अर्थसचिवास ही युक्ती सुचली तर तिला तो काहीतरी भारदस्त नाव देईल.

दुसऱ्या बाजीरावाने ही घडीही मोडली. मामलती इजाऱ्याने, म्हणजे जो अधिक बोली बोलेल त्याला, देण्याची प्रथा वाढली. इजारदाराला मुलूख एका वर्षापुरता, मग सूट तो कशाला देईल? त्यातच १८०२-०३ साली यशवंतराव होळकराच्या स्वाऱ्यांनी आणि पाठोपाठच्या दुष्काळाने नगर प्रांत उद्ध्वस्त झाला. गावखर्च म्हणून जी पट्टी पाटील-कुलकर्णी गावावर बसवीत, तिच्यात देवाचा उत्सव, आल्या-गेल्याचा शिधा आणि दरबारखर्च हे सगळे येई. वसूल अपुरा पडला की पाटील सावकाराकडून कर्ज काढून सरकारचा भरणा करी आणि ते कर्ज गावाच्या नावावर बसे. १८१९ साली माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या गावखर्चाचा आणि गावकीच्या कर्जांचा परामर्श त्याने घेतला आहे.

कंपनी सरकार आले तेव्हा शांतता आली आणि मंदीही आली. फौजा मोडल्या, शिलेदारांचे घोडे विकले गेले, धान्याचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. पेरा वाढला आणि जवारीचे भाव कोसळले. सरकारी मागणी मात्र रोख रुपयांत आणि जुन्या तेजीच्या आकारावर. पीक चांगले येऊनही रयत बुडते हा चमत्कार दख्खनने त्या काळी पाहिला. भीमेच्या पलीकडे, कर्जतच्या अगदी शेजारच्या इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली जी नवी पाहणी करून हलका आणि तीस वर्षे न बदलणारा धारा बसविला, तिचा उगम या अनुभवात आहे. सरकारने आपली मागणी उतरवली, ती स्थिर केली. परंतु गावच्या नोकरांचे काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

तो प्रश्न कॅप्टन गुडाइन या अधिकाऱ्याकडे आला, आणि त्याने त्यावर १८५२ साली छापला गेलेला जो अहवाल लिहिला तो खास नगर जिल्ह्याविषयी आहे, हे या लेखाच्या दृष्टीने भाग्याचेच म्हणावयाचे. त्याचा विषय होता गावकामगारांचे ‘परभारे हक्क’, म्हणजे सरकारी तिजोरीला स्पर्शही न करता रयतेकडून थेट मिळणारे हक्क. एवढ्या कोरड्या शीर्षकाखाली एक मोठा राज्यकारभाराचा पेच दडलेला होता. हे हक्क सरकारने स्वतःकडे घेऊन नोकरांना रोख पगार द्यावा, तर तो पगार देण्यासाठी रयतेवर नवा कर बसवावा लागणार. आणि हक्क जसेच्या तसे राहू द्यावे, तर तो कर आजही रयत भरतेच आहे, फक्त तो कोणत्याही वहीत दिसत नाही. सरकारने, स्वस्तात काम होते हे पाहून, वहीत न दिसणारा मार्ग स्वीकारला. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला नियमांची चौकट मिळाली. महारांच्या चाकरीला मात्र तासांची मर्यादा मिळाली नाही.

दरम्यान वहीत दिसणारे कर वाढत होते. १८६३-६४ पासून धाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकलफंड वसूल होऊ लागला. त्यातून रस्ते व शाळा चालावयाच्या. ही कल्पना सुंदर होती, परंतु तिची मेख अशी की, लोकलफंड हा धाऱ्यालाच बांधलेला असल्यामुळे दुष्काळात धाऱ्याचा वसूल तहकूब झाला की शाळामास्तराच्या पगाराचा झराही त्याच दिवशी आटे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला जो भाव आला तो ओसरताच कर्जाचे डोंगर उघडे पडले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जे दंगे उसळले ते भीमा ओलांडून श्रीगोंदे-कर्जतच्या बाजूसही आले. सावकारांच्या घरांतून खतपत्रे ओढून काढून जाळणारे कुणबी चावडीच्या वाटेला गेले नाहीत, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्याजोगी वाटते. सरकारचा हप्ता भरण्यासाठीच त्यांनी सावकाराचे दार ठोठावले होते. परंतु डोळ्यांना दिसे तो सावकार.

दोन वर्षांच्या आतच १८७६-७७ चा दुष्काळ आला. या वेळी सरकार मजुरीचे धनी झाले. धोंड-मनमाड लोहमार्ग, तळी, सडका यांवर हजारो माणसे खडी फोडू लागली, आणि खर्च फार होतो या धास्तीने हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीस पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी माणशी एक रत्तल धान्याच्या हिशेबावर उतरविली. तेव्हा मुंबई इलाख्यातील कामांवरच्या उपाशी लोकांनी काम सोडून निघून जाण्याचे जे धैर्य दाखविले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत ज्या चिकाटीने सरकारापुढे मांडली, तो प्रसंग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे येत नाही. भुकेलेल्या माणसाने कमी वेतन नाकारावे हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना अतर्क्य वाटले. पुढे दुष्काळाचे नियम झाले, पिकाची आणेवारी ठरवून चार आण्यांच्या आतील पिकावर संपूर्ण धारा तहकूब करण्याची पद्धत रूढ झाली. रयतेच्या करास पिकाशी बांधणारा एक दोर अशा रीतीने पुन्हा वळला गेला.

गावच्या सर्वांत धाकट्या नोकराच्या पदरात मात्र त्यातले काही पडले नाही. धारा तहकूब होई तेव्हा त्याचे बलुतेही बुडालेले असे, आणि दुष्काळातच सरकारी कामे दुप्पट होत: पंचनामे, टपाल, साहेबांचे दौरे, तगाईच्या याद्या. या अन्यायावर नेमके बोट ठेवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेकौन्सिलात त्यांनी वतन कायदा दुरुस्त करणारे जे विधेयक मांडले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती रक्कम धाऱ्याबरोबर वसूल करावी आणि गावकामगारास हक्काचे वेतन म्हणून द्यावी, अशी तरतूद होती. म्हणजे गुडाइनने पंचाहत्तर वर्षांपूर्वी पाहिलेला वहीबाहेरचा कर वहीत आणावा, एवढेच ते मागत होते. विरोध मोठा झाला. रयतेवर नवा बोजा पडेल, तिजोरीला परवडणार नाही, ही दोन कारणे पुढे आली, आणि १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. परवडत नाही हे उत्तर ज्यांनी दिले, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आलेले काम परवडत होते.

याच्या पुढचा अध्याय तर अधिकच विलक्षण. वतनदाराला चाकरीबद्दल जी जमीन दिलेली असे तिच्यावर सरकार जुडी नावाचा हलका सारा घेई. चाकरीचे मोल जमिनीच्या रूपाने द्यावयाचे आणि त्या मोलावरच पुन्हा कर घ्यावयाचा, असा हा व्यवहार. १९३० नंतरच्या दशकात जगभर मंदी पसरली, शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. हिंदुस्थान सरकारने १९३१ च्या अखेरीस आपल्या नोकरांच्या पगारांत शेकडा दहा कपात केली आणि ती १९३५ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठविली. पगारी नोकराची कपात अशी उठली. वतनी नोकरावरचा भार उलट वाढविण्याचे घाटले, आणि त्या वाढीव साऱ्याविरुद्ध १९३९ च्या डिसेंबरात याच नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे, आणि पुढे १९४१ च्या ऑगस्टात सिन्नरला, वतनदार महार-मांगांच्या परिषदा बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरल्या. कर भरणार नाही, असा निर्धार तेथे झाला, आणि सरकारला तो वाढीव सारा अखेर मागे घ्यावा लागला. नोकराने आपल्या वेतनावरील कर संघटित होऊन परतवून लावल्याचे या मुलखातले हे ठळक उदाहरण.

स्वातंत्र्यानंतर वतने एकामागून एक गेली: १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. कुलकर्ण्याच्या दप्तरावर पगारी तलाठी बसला, महाराच्या जागी मानधनावरचा कोतवाल आला. त्याच सुमारास, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने, गावाला स्वतःचे कर बसविण्याचा आणि स्वतःचे नोकर ठेवण्याचा अधिकार मिळाला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजारफी, यात्राकर अशी उत्पन्नाची साधने. शिपाई, पाणीपुरवठ्याचा माणूस, सफाई कामगार, वसुली कारकून असा खर्च.

मग १९७२ साल उजाडले. पावसाने सलग दगा दिलेल्या त्या काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे होती, आणि नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग त्या होरपळीच्या मध्यभागी होता. कर्जतच्या माळावर पाझर तलावांची आणि नालाबांधणीची माती ज्यांनी डोक्यावर वाहिली, सुकडीची पाकिटे ज्यांनी लहानपणी खाल्ली, ती पिढी आता आजोबा-आजी झाली आहे; त्यांच्याशी बोलताना सनाऐवजी नुसता ‘दुष्काळात’ एवढाच शब्द आला तरी तो याच दुष्काळाचा असे समजावे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला, आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाचे ठरले. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकातून कापलेला रुपया कर्जतच्या मातीकामाच्या हजेरीपत्रकावर मजुरी होऊन उतरू लागला. माझ्या मते या दीर्घ इतिहासातील खरोखरीचे नवे पाऊल हे एकच आहे. इतर साऱ्या योजना गावातली एकच लहान रास निरनिराळ्या क्रमाने वाटीत होत्या, या योजनेने दुसऱ्या गावची रास आणून तिच्यात ओतली. शहरी पगारदाराने त्या कराविषयी कुरकूर केली हे खरे, पण तो भरला.

ग्रामपंचायतीच्या नोकराला मात्र अशी बाहेरची रास पूर्णपणे लाभली नाही. पंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांहून अधिक रक्कम नोकरांवर खर्च करू नये, अशी मर्यादा आहे. किमान वेतन तेवढ्यात भागत नाही म्हणून राज्य सरकार आपला हिस्सा देते, आणि तो हिस्सा देताना पंचायतीची करवसुली किती टक्के झाली हे पाहते. वसुली कमी तर शासनाचा हिस्साही कमी. वसुलीची ही अट रद्द करा, अशी या कर्मचाऱ्यांच्या संघटनांची मागणी आहे. कागदावर ही अट शिस्तीची वाटते. पंचायतींनी पुढाऱ्यांच्या घरपट्ट्या वर्षानुवर्षे तुंबवून ठेवू नयेत हा तिचा हेतू असेल तर तो चुकीचाही नाही. परंतु कर्जतसारख्या तालुक्यात तिचा अर्थ असा होतो की पाऊस पडला नाही तर शाळू नाही, शाळू नाही तर घरपट्टी नाही, आणि घरपट्टी नाही तर पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार नाही. बलुते या अटीच्या वाटेने परत आले आहे. फरक इतकाच की जुना सुतार शेतकऱ्याने वाटा नाकारला तर त्याचा नांगर भरावयाचे नाकारू शके; पाणी सोडणाऱ्याने दुष्काळात पाणी बंद केले तर त्याला निलंबित करतात.

२०१८ च्या ऑक्टोबरात शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत कर्जत होते. जाहीर झालेल्या सवलतींची यादी पाहावी: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, पिण्याच्या पाण्यास टँकर. घरपट्टी तीत नाही. ती असणे शक्यही नव्हते. कारण जमीन महसूल हा राज्याच्या दृष्टीने आज किरकोळ आकडा असल्यामुळे तो माफ करणे राज्याला सोपे आहे, घरपट्टी हा पंचायतीचा जीव आहे, आणि तिच्या सुटीची भरपाई राज्याने द्यावी असा नियम कोणी केलेला नाही. जकात बंद केली तेव्हा, १९९९ साली, नगरपालिकांना सहायक अनुदान मिळाले, कारण कर राज्याने काढून घेतला होता. दुष्काळाने काढून घेतलेल्या कराला अनुदान नाही.

२०१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचे रूप देण्याच्या धोरणानुसार कर्जत गावही नगर झाले. जुन्या पंचायतीतील कर्मचाऱ्यांपैकी कोणाचे, कोणत्या पदावर आणि कोणत्या वेतनश्रेणीत समावेशन व्हावे, हा अशा सर्वच गावांतून पुढे आलेला तंटा आहे. मंजूर आकृतिबंधात जेवढी पदे असतात त्यांहून माणसे पुष्कळदा अधिक असतात, आणि पात्रतेचे कागद त्यांहून कमी. मार्च जवळ आला की ही माणसे पथके करून दारोदार फिरतात. मोठ्या थकबाकीदारांची नावे फलकावर लागतात, एखाद-दुसरे नळजोड तोडले जाते, आणि पावतीपुस्तक हातात घेतलेला वसुली कारकून ज्या दारात उभा असतो त्या दारातला माणूस त्याला सांगतो की शाळूचे पैसे आले की भरतो, चैत्रापर्यंत थांब. कारकुनालाही स्वतःचा फेब्रुवारीचा पगार अजून मिळालेला नसतो, हे त्या घरमालकाला माहीत असते, कारण दोघांचे किराणा दुकान एकच.